सुनेची आशुरे

माझे मिस्टर न्हाणीतून बाहेर येताना पडले, तेव्हा मी आधी त्यांना रागावले. पाय घसरला असेल, चप्पल नीट घातली नसेल, असंच वाटलं. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली, किती पेशंट पाहिले त्याचा हिशेब नाही, आणि घरच्या माणसाचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय हे मात्र दिसलं नाही. तुर्कस्तानातल्या मुलाला फोन लावून मी 'तुझे बाबा ऐकतच नाहीत' अशी तक्रार करत होते. मागून त्यांचा आवाज त्याच्या कानावर गेला आणि तोच म्हणाला, "आई, बाबा असे काहून बोलून राह्यले?"

यवतमाळला नेलं. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. एस.टी.त कंडक्टर म्हणून ज्यांनी आयुष्यभर आरडाओरडा केला, त्यांना पाणी मागता येईना.

मुलगा बुर्सा नावाच्या गावात कापड गिरण्यांच्या यंत्रांवर काम करतो. तिथलीच मुलगी त्यानं केली. लग्नाला आम्ही गेलो नव्हतो. मेंदीच्या रात्री तिच्या डोक्यावर लाल ओढणी टाकून बायका भोवती फिरत होत्या, गाणी म्हणत होत्या आणि ती रडत होती, हे मी इथे, दारव्ह्याला, घरच्या पलंगावर बसून फोनवर पाहिलं. मुलगा म्हणाला, नवरीला रडवायचंच असतं, तशीच रीत आहे. मला ते आवडलं होतं. आपल्याकडेही पोरगी सासरी जाताना रडतेच.

बाबांचं असं झाल्यावर मी त्याला म्हटलं, "तू ये काही दिवस." तो म्हणाला, "आम्ही दोघं येतो." मी एकदाही 'तिला कशाला' असं म्हटलं नाही. तिची तिथे बालवाडीत नोकरी होती, घरी एकटी आई होती, हे मला ठाऊक होतं. पण मला माणूस हवं होतं. बिनपगारी रजा घेऊन ती जूनमध्ये आमच्या घरी आली, ते वर्षभरासाठी.

येताना तिनं लिंबाच्या वासाच्या अत्तरासारख्या पाण्याची मोठी बाटली आणली होती. आल्याआल्या तिनं ते माझ्या आणि मिस्टरांच्या हातावर ओतलं. मला वाटलं दवाखान्यातलं स्पिरिट. मी कोपरापर्यंत चोळलं, नर्सच्या सवयीनं. ती खूप हसली. मुलानं सांगितलं की पाहुण्याच्या हातावर ते घालतात, स्वागत म्हणून. मी म्हटलं, पण पाहुणी तर ती आहे.

डॉक्टर म्हणाले होते, पेशंटशी सारखं बोलत राहा, लहान मुलाला शिकवतो तसं. मुलगा दिवसा कापसाच्या एका जिनिंगमध्ये यंत्रांच्या दुरुस्तीला जाऊ लागला होता, मला घरकामातून सवड नसे. ती बाजारातून चित्रांची अंकलिपी घेऊन आली आणि मिस्टरांच्या खाटेशेजारी बसली. दोघं एकाच पुस्तकातून शिकायला लागले. ती मराठी शिकत होती आणि ते बोलणं. 'बाबा' हा शब्द तिच्या भाषेत तोच निघाला, तेव्हा दोघांनी टाळी दिली, त्यांनी डाव्या हातानं. हळूहळू ती बोलू लागली, ते त्यांचंच वऱ्हाडी. "आई, मले भूक लागली." "बाबा, तुमी औषध काहून नाई घेतलं?" जेवण झालं की मात्र मला रोज तिच्या भाषेत म्हणायची, "एलिने साअलिक." म्हणजे तुझ्या हाताला आरोग्य लाभो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिकडे तसं म्हणतात. मला इतक्या वर्षांत माझ्या हातांबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं.

तर ही अशी मुलगी. आता तिच्या खिरीचं सांगते.

जुलै लागला तशी ती एक दिवस म्हणाली की तिला आशुरे करायची आहे. मुलगा बाजूला बसून समजावत होता. गहू, चणे, चवळी, मनुका, जर्दाळू, संत्र्याची साल, सगळं एकत्र शिजवायचं आणि वर डाळिंबाचे दाणे, अक्रोड. जुनी गोष्ट अशी की महापुरात नूह पैगंबराची नाव शेवटी जमिनीला लागली, तेव्हा उरलंसुरलं सगळं धान्य एका भांड्यात घालून त्यांनी शिजवलं होतं. मोहरमच्या महिन्यात घरोघरी करतात. मोठं भांडंभर करायची आणि आळीत सगळ्यांना वाटायची. वाटल्याशिवाय ती आशुरे नाहीच.

मोहरम हा शब्द ऐकला आणि मी आधी बाहेरचं दार लोटून घेतलं.

आमचं घर दारव्ह्याच्या एका लेआउटच्या वसाहतीत आहे. आम्ही बौद्ध. इथे राहायला आलो तेव्हा पहिल्या बुद्धपौर्णिमेला मी खीर करून शेजारी वाटली होती. एका घरी तोंडभर हसून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागच्या नालीत भात, दूध आणि काजूचे तुकडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ते लोक पुढे घर विकून गेले. नंतरची माणसं चांगली मिळाली. समोरच्या वहिनी तर बहिणीसारख्या. त्यांचे मिस्टर तहसीलमध्ये होते, घरात सगळी पूजाअर्चा, पण माझी खीर त्या हक्कानं मागून घेतात. तिथपर्यंत पोचायला मला फार वर्षं लागली. सून परदेशी आहे एवढंच मी सगळ्यांना सांगितलं होतं. ती मुसलमान आहे का हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी तिला विचारलं, "ठरावीक दिवशीच करा लागते का?"

ती म्हणाली, "नाई आई. महिनाभर कधीबी."

"मंग गुरुवारी करू," मी म्हणाले.

गुरुवारी आषाढी पौर्णिमा होती. त्या दिवसापासून भंतेंचा वर्षावास सुरू होतो, आमच्याकडे खीर होतेच. हे तिला ठाऊक नव्हतं. मला चांगलं ठाऊक होतं.

तिनं पहाटेपासून राबून ती केली. घरभर संत्र्याच्या सालीचा आणि दालचिनीचा वास. बाऊल भरून, वर दाणे असे मांडले की पाहत राहावं. मग माझी नवी साडी नेसून ती ट्रे घेऊन निघाली. मी तिच्या पुढे. वहिनींनी दार उघडलं, बाऊलमध्ये डोकावल्या.

"हे कायची खीर वो सिस्टर? यात तं चणे दिसून राह्यले."

"पौर्णिमेची," मी म्हटलं. "दरवर्षीची आपली. फक्त सुनेनं तिच्या हातानं केली, म्हणून जरा निराळी."

"पोरगी हुशार आहे बाप्पा!" वहिनींनी तिच्या गालावरून हात फिरवला.

सगळ्या घरी मी तेच सांगितलं. प्रत्येक दारात, तिच्या देखत. तिला तेव्हा मराठी जेमतेम कळायचं. पण 'पौर्णिमा' हा शब्द इतक्यांदा ऐकल्यावर तो तिच्या कानात बसला. घरी परतल्यावर रिकामा ट्रे छातीशी धरून तिनं विचारलं, "आई, पौर्णिमा म्हणजे आशुरे?"

मी चपला काढत होते. वर न पाहता म्हणाले, "हाव, तसंच."

तिला इतका आनंद झाला की ती नाचतच आत गेली. लगेच तिनं आईला फोन लावला. मला काही कळत नव्हतं, पण मधूनमधून 'पौर्णिमा, पौर्णिमा' ऐकू येत होतं आणि पलीकडून एक म्हातारा, हसरा आवाज तो शब्द म्हणून पाहत होता. मुलगा त्या वेळी घरी नव्हता. संध्याकाळी बायकोनं त्याला सांगितलंही असेल, पण त्यानं मला काही विचारलं नाही.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला हायसं वाटलं होतं. कोणाच्या नालीत काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाऊल परत आले ते भरून आले, कोणाकडून करंज्या, कोणाकडून चिवडा. ती म्हणाली, तिच्या गावातही भांडं रिकामं पाठवत नाहीत. मी म्हटलं, "बघ, सारखंच आहे सगळं."

पावसाळा गेला. मिस्टर काठी धरून अंगणापर्यंत जाऊ लागले. शब्द येऊ लागले, तुटक, पण त्यांचे. तिनं आमचे सगळे सण केले. पोळ्याला वहिनींच्या घरी मातीच्या बैलांना ठोंबरा, म्हणजे शिजवलेली ज्वारी, भरवला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी पांढरी साडी नेसून माझ्यासोबत विहारात बसली, त्रिशरण म्हणायला शिकली. बायका माझं कौतुक करायच्या. अशी सून मिळायला नशीब लागतं, सिस्टर.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी वहिनी गच्चीवर दूध प्यायचं निमंत्रण देऊन गेल्या. "उद्या पौर्णिमा आहे, सगळे या." दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर मोठ्या पातेल्यात गहू आणि चणे भिजून फुगलेले.

"हे कायले भिजवलं?"

"पौर्णिमा आई!" ती म्हणाली. "आशुरे करतो. मी गच्चीवर सगळ्यांले देईन."

 बाहेरच्या खोलीतून मिस्टरांनी विचारलं, काय चाललंय. ती पातेलं घेऊनच त्यांच्याकडे गेली. मी लोकांना काय सांगितलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. ते सावकाश, एकेक शब्द जुळवत तिला सांगू लागले.

"पौर्णिमा... दर महिन्याले असते, बेटा. म्हणजे चांद. पुरा चांद." त्यांनी डाव्या हातानं पेपरवर पेनानं एक वाटोळं काढलं. "तुझी आशुरे... वेगळी. ते मोहरमची."

ती त्या वाटोळ्याकडे पाहत राहिली. मग बोटांवर महिने मोजले. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अंकलिपीत एखादं अक्षर चुकीचं वाचलं की ती जशी परत मागे जाऊन पाहायची, तसं ती पाहत होती.

"आई, तेव्हा... नुसता चांद होता?"

तेव्हा बोलता आलं असतं. दोनच वाक्यं लागली असती. मी म्हटलं, "दूध उतू चाललं वाटते," आणि आत वळले. गॅसवर दूध नव्हतंच.

तिनं ते गहू-चणे टाकले नाहीत. निथळले, कांदा-मिरची घालून फोडणीला टाकले आणि सगळ्यांना नाश्त्याला दिले. चांगले झाले होते. मी खाल्ले. 'एलिने साअलिक' म्हणायला त्या दिवशी माझी जीभ वळली नाही.

त्यानंतर तिच्या वागण्यात काही फरक पडला असता, तर मला सोपं गेलं असतं. ती तशीच हसरी राहिली. फक्त आपल्या घरचं, आपल्या गावचं ती काही काढेना. मी मनाला समजावलं, रुळली आता.

ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी तिनं माझी लाल साडी मागितली. मी चेष्टेनं म्हटलं, "कोणाचं लगन आहे?" ती म्हणाली, "काई नाई आई, अशीच." दिवसभर ती लाल साडी नेसून घरात काम करत होती. जानेवारीच्या पहिल्या सकाळी मी अंगण झाडायला गेले तर उंबऱ्यावर डाळिंब फुटलेलं, दाणे पायरीभर उधळलेले. समोरून वहिनी ओरडल्या, "सिस्टर, हात नका लावू! कोणी करणी केली वाटते!" मी असल्या गोष्टी मानत नाही. तसं त्यांना म्हटलंही. पण बादलीभर पाणी ओतून, खराट्यानं घासून ती पायरी मी स्वच्छ केली. मागे वळले तर सून दारात उभी. "चाय मांडतो," म्हणून आत गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस तिनं सकाळचा चहा घेतला नाही. दुपारी जेवलीही नाही. ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. माझ्यातली नर्स जागी झाली. तिला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, "दिवस राह्यले का तुले?"

ती लाजून हसली. "नाई आई. रोजा आहे."

 अजान रोज आमच्या घरात ऐकू येते. बाजारात खजुराचे ढीग लागलेले मीच पाहिले होते, अर्धा किलो घेऊनही आले होते. आधीच्या आठवड्यातही एक-दोनदा संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहून एक खजूर आणि पाणी घेताना दिसली होती, आणि 'जेवणाच्या टायमाले गोड कायले खातं' म्हणून मी तिला टोकलं होतं. रमजान दारावरून चालला होता आणि तो माझ्या घरातही आहे हे मला दिसलं नव्हतं.

"रोज ठेवतं का?"

"नाई. कधी कधी. माझी आई ठेवते, तर तिच्यासंगं." मग माझा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाली, "मले तरास नाई होत."

त्या संध्याकाळी मुलाला मी अंगणात गाठलं. म्हटलं, हिचे सण कोणते असतात ते सांग मला सगळे. तो चप्पल काढून पायरीवर बसला. मग सांगू लागला. रमजान संपला की बायराम, त्याला गोडाचा सणही म्हणतात, पोरं घरोघर जाऊन गोळ्या गोळा करतात. एप्रिलमध्ये लहान मुलांचा दिवस, त्या दिवशी ती बालवाडीच्या पोरांना नाचवत गावभर नेते. मे महिन्यात वसंताचा एक, त्यात गुलाबाच्या झाडाशी इच्छा मागतात. वर्ष बदलतं त्या रात्री दारात डाळिंब फोडायचं, दाणे जितके लांब उडतील तितकी घरात बरकत. आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा प्रजासत्ताक दिन, रस्ते नुसते लाल झेंड्यांनी भरलेले.

ती पायरी मी खराट्यानं घासली होती.

"तू कायले नाही सांगतलं मले?"

"ती म्हणे, आई आधीच थकतेत. त्याईच्यावर अजून एक कायले टाकू." मग तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दोष नव्हता म्हणून ते जास्त लागलं, "अन् तू कधी विचारलं नाही ना, आई."

तो लहान असताना मी दवाखान्यातून आले की शाळेतलं सांगायचा. वर्गात सगळ्या सणांवर निबंध लिहायला सांगतात, आपल्या जयंतीवर नाही. मी तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडून आले होते. तीच मी.

बायरामच्या सकाळी मी लवकर उठून आंघोळ केली. काय करायचं ते मुलाला विचारून ठेवलं होतं. मिस्टरांना इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो, मध्ये स्टुलावर बर्फी आणि चॉकलेटं. ती नेहमीच्या गाऊनमध्ये केस बांधत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"बायराम मुबारक," मी म्हटलं. तिकडे काय म्हणतात ते मुलानं शिकवलं होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही.

ती आत पळाली. मला वाटलं, चुकलं काहीतरी. थोड्या वेळानं आली ती ठेवणीतला ड्रेस घालून, डोळे पुसत. ती मिस्टरांसमोर वाकली. तिकडे वडीलधाऱ्यांचा उजवा हात ओठांना लावून मग कपाळाला लावतात. मी त्यांचा हात उचलून द्यायला पुढे झाले, पण तिनं नजरेनं मला थांबवलं. ती वाट पाहत राहिली. त्यांनी तो हात स्वतः उचलला, खुर्चीच्या दांड्यापासून वीतभर वर. तिनं तो कपाळाला लावला.

मग ती माझ्याकडे आली. मी हात मागे घेतला.

"आधी ऐक," मी म्हटलं. "त्या दिवशी आशुरे वाटली ना, मी लोकाईले खोटं सांगतलं. पौर्णिमेची खीर म्हणून सांगतलं. तुलेबी खोटं सांगतलं."

"मले माहीत आहे, आई. कोजागिरीले समजलं."

"मंग बोलली काहून नाही? राग नाही आला?"

तिनं विचार केला. मराठी शब्द शोधायला तिला वेळ लागायचा, का उत्तर शोधायला लागला, मला माहीत नाही.

"आला," ती म्हणाली. "थोडा. मंग मी विचार केला, आई भ्याली. माझी आईबी भेते. मी इकडे आली तर ती रोज रडे. मंग मी तिले सांगतलं, इथंबी आशुरे करतेत, फक्त नाव पौर्णिमा आहे. तवापासून ती नाई रडत. पुऱ्या गल्लीत सांगते, माझ्या पोरीचं सासर आपल्यासारखंच आहे." तिनं माझा मागे घेतलेला हात ओढून घेतला. "तिले नका सांगू."

तेवढ्यात फोन वाजला. तिचीच आई. पडद्यावर गोल चेहरा, डोक्याला फुलांचा रुमाल, मागे फळीवर कपबश्या. आम्ही एकमेकींना हात हलवले. ती काहीतरी लांबलचक बोलली. सुनेनं माझ्याकडे न पाहता अर्थ सांगितला, "आई म्हणते, तुमच्या पौर्णिमेत काय काय टाकता ते लिहून पाठवा. ती यंदा तुमच्यासारखी करणार."

मी मान डोलावली. त्या बाईनं फोनच्या काचेचा मुका घेतला.

काही दिवसांनी मी वहिनींकडे गेले. निदान तिथे तरी खरं सांगायचं होतं. त्या गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. ती खीर कशाची होती, सून कोण आहे. त्यांचे हात थांबले.

"मले काहून सांगून राह्यल्या आता?" त्या म्हणाल्या. मग सुपातले खडे बाजूला काढू लागल्या. "खोटं नाही बोलत, सिस्टर. तेव्हा सांगतलं असतं तं मी नसती खाल्ली. घेतली असती, तोंडावर नाही म्हणता येत नाही. पण खाल्ली नसती." आणि पुढचा खडा काढत, "लय चांगली झालती वो. ह्यायनं दोनदा घेतली."

मी मनात उत्तर तयार करून गेले होते, की त्या म्हणतील, एवढंच ना, त्यात काय. तसं त्या म्हणाल्या नाहीत. मग माझं खोटं बरोबर होतं का? नव्हतं. पण खरं बोलले असते तर ती खीर नालीत गेली असती, हेही त्यांनीच सांगितलं. मी तिथे बसून त्यांना थोडे गहू निवडून देऊ लागले. दोघींनाही एकमेकींकडे पाहवेना.

एप्रिलमध्ये ती दोघं परत गेली. मिस्टर आता स्वतःच्या हातानं जेवतात, सांडतं थोडं. खरं म्हणजे ती आणखी आधी जाऊ शकली असती. डिसेंबरमध्येच डॉक्टर म्हणाले होते की आता दोघं मिळून निभावून न्याल. मी ते मुलाला सांगायचं टाळत गेले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. आज संध्याकाळी हिदिरेल्लेझ, म्हणाली, गुलाबाच्या झाडाखाली जे हवं त्याचं चित्र खड्यांनी मांडायचं. घर हवं तर घर, लेकरू हवं तर पाळणा. "तुमीबी मागा आई." तिच्या मागे तिची आई पलंगावर पाय लांब करून बसलेली दिसत होती. दोन्ही गुडघे सुजलेले, मी पाहताच ओळखलं. वर्षभर एकटीनं बाजारहाट, जिने, बर्फ. सून नंतर हळू आवाजात म्हणाली, "आईनं मले सांगतलंच नाई, आई. मी तिकडे होती ना."

आमच्याकडे गुलाब नाही. वहिनींच्या अंगणात आहे. ऊन उतरल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि काय करायचं आहे, कोणाचा सण आहे, कसला, ते फाटकातच सांगून टाकलं. त्या "या" म्हणाल्या.

झाडाखाली बसले आणि काय मागावं ते कळेना. खरं मागायचं होतं ते एकच, ती परत यावी. पण ती माझ्याकडे आली की तिथे एक बाई एकटी जिना चढते, हे नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी खडे घेऊन गुडघा मांडायला लागले. तो कसा मांडायचा ते नर्सलाही येत नाही. एक लांब रेघ, मग वाकवलेली दुसरी.

वहिनी येऊन वाकल्या. "हे काय, हॉकी?"

"गुडघा आहे. तिच्या आईचा."

त्यांनी जरा पाहिलं, अंगणातून एक चपटा गोल दगड शोधून आणला आणि दोन रेघा जुळतात तिथे ठेवला. "वाटी नाही ठेवली तुमी," म्हणाल्या.

याने काही होत नाही, हे मला माहीत आहे. ऑपरेशन ठरलं आहे. सून तिकडेच आहे, आईजवळ, बालवाडीत परत जाऊ लागली आहे. आठवड्यातून दोनदा आमचं बोलणं होतं. मिस्टर फोन हातात घेऊन तिला एकेक नवा शब्द म्हणून दाखवतात. मी मध्येच आईचे गुडघे कसे आहेत ते विचारते. परत कधी येता, असं विचारत नाही. ओठांवर येतं, रोज.